भूल उतरल्याचं पत्र

ता. ४

ती. ताईस धाकट्याचा सा. न.

आज सकाळी मोतीबिंदू काढला. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आठची, म्हणून तातडीने एका डोळ्याने लिहितो आहे. ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस.

डोळ्याखाली सुई दिली. फार दुखलं नाही, पण मग डोळा माझा राहिलाच नाही. हलव म्हटलं तर हलेना. दिव्याचा उजेडही विझत गेला, आणि मी टक्क जागा. घरी आल्यावर पट्टी जरा उचलून पाहिली. किल्ली फिरते पण खटका हलत नाही, अशी कुलपं जन्मभर दुरुस्त केली. तशी पापणी झाली आहे. बोटाने उघडली तर एका खिडकीच्या दोन दिसल्या. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत भूल उतरेल. त्यांचं काय जातं म्हणायला? तू घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा भित्रा भाऊ

ता. ९

ती. ताईस सा. न.

भूल दुसऱ्याच दिवशी उतरली. पापणी उघडते, खिडकी एकच आहे. पुन्हा काही बिघडलं तर तोंडघशी पडायला नको, म्हणून चार दिवस थांबून लिहितो आहे. फार स्वच्छ दिसतं गं. मागचं पत्र फाडून टाक. तुझं एव्हाना उरकलंही असेल. माझं कधी ऐकलं आहेस तू?

माया असू दे.
तुझा भाऊ

ता. १५

ती. मामांना सूनबाईचा नमस्कार.

कसं कळवावं सुचत नाही. सासूबाई गेल्या. तुमचं पहिलं पत्र सहा तारखेला मीच वाचून दाखवलं. त्यांनी आठची तारीख पुढे ढकलायला लावली. अकराला सकाळी मागच्या दाराची पायरी त्यांना दिसली नाही. डोक्याला मार लागला, संध्याकाळपर्यंतच होत्या. दुसरं पत्र बाराला आलं.

तुमचा काही दोष नाही. जिवाला लावून घेऊ नका.

आपली सूनबाई

ता. १९

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोष नाही असं लिहिलंस, त्याच्या वरची ओळ तू दाट खोडली आहेस. महिन्यापूर्वी मला तिथे नुसता काळा पट्टा दिसला असता. आता डोळा चांगला झाला आहे. कागद खिडकीशी धरला, तशी अक्षरं लागत गेली. मामांनी ते पत्र धाडलं नसतं तर सासूबाई आज असत्या, असं आहे.

खरं तेच लिहिलं होतंस, पोरी. खोडायचं कशाला?

या वेळी लोभ मागत नाही. जमेल तेव्हा दोन ओळी धाड.

मामा