सरूबायची धडधड

वेसावे, अंधेरी
८ जानेवारी १९८४

चि. सौ. पार्वतीस सरूबायचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि तुझी भाची रतन लिहिते आहे. तेव्हा अक्षर आवडलं तर तिचं कौतुक कर, मजकूर आवडला तर माझं. आम्ही सगळी खुशाल आहोत. तुझे भाऊजी परवा बोट घेऊन गेले. दिवाळीनंतर मशीन बिघडून त्यांची बोट चार दिवस उशिरा आली, ते तुला कळलंच आहे. तेव्हा सगळी आळी रडत होती आणि मी एकटी सगळ्यांना चहा पाजत फिरत होते. हे किनाऱ्याला उतरले तेव्हा आधी शिवी घातली, मग ओवाळलं. झालं गेलं ते.

आता बाजारात नवी भानगड आहे. अंधेरीच्या मच्छीबाजाराची दुरुस्ती निघाली आहे. आम्हाला काही महिने मागच्या गल्लीत बसवणार आणि तिथे पाण्याचा नळच नाही! पाण्याशिवाय मासळी विकायची म्हणजे दुपारपर्यंत वाट लागली. बायकांनी ठरवलंय, मुन्सिपालिटीच्या साहेबापुढे सरूबायनेच बोलायचं. माझ्या तोंडाला अख्खा बाजार वचकतो, तिथे साहेब कोण लागून गेला?

शिमग्याला नक्की ये. लोभ आहेच, त्याची सुकट होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरूबाय

ता. क. मावशी, हे माझं मी लिहिते आहे, आई चुलीपाशी गेली आहे. आई कित्येक दिवस बाजारात गेलेली नाही. मासळी शेजारच्या मंजुळाकाकूकडे विकायला देते आणि गुडघा दुखतो म्हणून सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही. पाटी डोक्यावर घेतली की तिची छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, आता आपण मरणार असंच तिला वाटतं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदय ठणठणीत आहे. ते म्हणाले, बोटीच्या वेळची धास्ती आत बसली आहे, बाई, कुणाशी तरी बोला. बाहेर पडल्यावर आईने मला गप्प राहायची शपथ घातली. ती मी आत्ता मोडली. मला काही सुचत नाही गं.
— रतन


करंजा, उरण
१६ जानेवारी १९८४

ती. सौ. सरूबायस पार्वतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. आमच्या धाकूशेटनी नवं जाळं आणलं आणि पहिल्याच दिवशी धक्क्याच्या खांबाला अडकवून फाडलं. वर मलाच म्हणतात की तू सकाळी शिंकलीस. बावीस वर्षं संसार केला, पण माझ्या शिंकेत एवढी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. शिमग्याला मोरा बंदरातून सकाळच्या लाँचने येईन. भाऊजींना नमस्कार.

रतन, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. मनात वाच आणि थोडं थोडं करून तिच्या कानावर घाल. तुझी आई दहा वर्षांची असताना आमचा बाप गेला. ती आमच्या आयेबरोबर पाटी घेऊन बाजारात गेली, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. तेव्हापासून सगळ्यांना ती खंबीर लागते, मलासुद्धा. तुला भीती वाटते का गं, असं तिला कुणी विचारलंच नाही. बोट आली नव्हती त्या चार दिवसांत ती रडली नाही, हे आम्ही सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं. आता वाटतं, त्यापेक्षा तिला जवळ घेऊन बसायला हवं होतं. तिला म्हणावं, पार्वतीला शूर बहीण नकोय, बहीण हवी आहे. साहेबापुढे दुसरी कुणी बोलेल.

मोठ्यांना नमस्कार, तुला पापा. माया पातळ करू नका.

तुमची,
पार्वती


वेसावे, अंधेरी
२५ जानेवारी १९८४

चि. सौ. पार्वतीस आशीर्वाद.

तुम्ही दोघी स्वतःला फार हुशार समजता. रतन तुझं पत्र वाचत होती. नमस्कारापाशी तिचं तोंड थांबलं, पण डोळे चालतच राहिले. मला वाचता येत नाही, पण दिसतं ना! मी म्हटलं, उरलेलं वाच, नाहीतर जेवायला मिळणार नाही. मग तिने रडत रडत सगळं वाचलं. मी तिला शपथ मोडल्याबद्दल चार शब्द सुनावले आणि मग मीच पदरात तोंड घालून बसले. आये गेली तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते.

आता ऐक. (रतन, मी बोलते तसंच लिही, सारवासारव करू नकोस.) हो, मला भीती वाटते. बोट आली नव्हती तेव्हा वाटली नाही, आल्यावर सुरू झाली. आता सगळं छान असताना छाती उडते, याची लाज वाटते. ज्या बायकांना मी रडूबाई म्हणून हसले त्यांना काय तोंड दाखवू, असं वाटायचं.

त्या रात्री हे बोटीवरून परत आले तसं मी यांना सांगितलं. हे उठले आणि गुपचूप भांडी घासायला लागले. लग्नापासून हे मी पहिल्यांदाच पाहिलं. भांडी मला पुन्हा घासावी लागली, पण झोप मात्र झकास लागली.

मंजुळालाही सांगितलं. ती म्हणाली की गुडघ्याचं नाटक तिने कधीच ओळखलं होतं, कारण मी लंगडताना पाय बदलत होते. साहेबाकडे तिने जावं म्हटलं तर ऐकेना. म्हणते, तूच बोल, मी हात धरून उभी राहते.

जीव घाबरतो आहे, पण आता एकटीचा नाही. माझ्यासाठी देवापुढे दिवा लाव.

तुझी,
सरूबाय


वेसावे, अंधेरी
२० फेब्रुवारी १९८४

चि. सौ. पार्वतीस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात साहेबाकडे जाऊन आलो. ऑफिसच्या जिन्यातच धडधड सुरू झाली. परत फिरावं असं शंभरदा वाटलं. मंजुळाने हात घट्ट धरला होता. आत गेलो. मागे साऱ्या बायका उभ्या, साहेब घड्याळाकडे बघतोय.

मग मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, साहेब, मला धास्तीचा आजार आहे. हे हात कापतायत ते तुमच्या भीतीने नाही, आपोआप कापतात. मी बसून बोलते, मध्ये थांबले तर जरा थांबा. हे सगळ्या बायकांच्या देखत बोलले गं! मला वाटलं, आता मागे कुणीतरी फिदीफिदी हसणार. कुणी हसलं नाही. साहेबाने शिपायाला पंखा वाढवायला सांगितलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली. मी थांबत थांबत बोलले. इतकी वर्षं ओरडून भांडले तेव्हा समोरचा निम्म्यातच तोडायचा. या वेळी मध्ये कुणी बोललंच नाही. आधी नळ, मग जागा बदलायची, असं साहेबाने कबूल केलं. परवा गल्लीत नळाचा पाइपही टाकला.

जिना उतरताना यांच्या बोटीवरच्या चंदरची बायको जवळ आली. तीच, जिला मी रडूबाई म्हणायचे. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मी तिला म्हटलं, मी तुला फार हसले गं. ती म्हणाली, हसलीस खरी, आता चहा पाज. सगळ्यांना पाजला, आणि या वेळी मीही बसून प्यायले.

बरी झाले असं म्हणत नाही. धडधड येते. डॉक्टर म्हणाले, येईल आणि जाईलही, तिच्याशी कुस्ती खेळू नका. आता रोज पाटी घेऊन बाजारात बसते. काल नेहमीच्या गिऱ्हाईक हिल्डाबाई पापलेट घ्यायला आल्या आणि ऐन घासाघीस चालू असताना छाती उडायला लागली. मी म्हटलं, बाई, जरा थांबा, माझा जीव घाबरतोय. त्यांनी छत्री मिटली आणि समोरच्या ओट्यावर बसून राहिल्या. आपल्या लेकीच्या परीक्षेचं काहीबाही सांगत होत्या. हळूहळू श्वास जागेवर आला. त्यांनी विचारलं, बरं वाटतं का? मी म्हटलं, वाटतं.

मग त्यांनी पुन्हा भाव विचारला. मी मघाचाच सांगितला.

शिमग्याला वाट बघते. ये, म्हणजे दोघी मिळून यांच्याकडून भांडी घासून घेऊ.

तुझी,
सरूबाय