विसराळू कॅमेरा आणि तुमच्या भावाची खुर्ची

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तुम्ही करता की त्याचा कागद नुसता फ्रिजला चिकटवून ठेवलाय, ते खरं खरं कळवा. मी बरी आहे. एका माणसापुरता स्वयंपाक अजून जमत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा आपोआप होऊन जातो. पत्राला तसं कारण काही नाही आणि मला काही मागायचंही नाही. तुमचं कौतुक करायचंय. फोनवर करायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

माझी थोरली बहीण अक्का ऐकू येईनासं झाल्यापासून कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून माझ्याकडून पुस्तक वाचून घेते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती माझे ओठ बघून सगळं समजून घेते. (स्वतः वाचता येतं तिला. पण छापील पुस्तक खलपुरुष आला की तोंड वाकडं करत नाही, असं तिचं म्हणणं.) म्हणजे माझा चेहरा नीट दिसला तरच पुस्तक पुढे सरकणार. आणि आमचा कॅमेरा असा की केर काढताना वायर निघाली की उजेड किती घ्यायचा, रंग किती, सगळं विसरतो. मग मी कधी निळी दिसते, कधी खिडकीसमोरची नुसती सावली. हे होते तेव्हा त्यांनी मला समोर बसवून एकेक आकडा लावला होता आणि अक्का पलीकडून हात वरखाली करून सांगत होती. ते आकडे त्यांनी एका फाइलमध्ये ठेवले होते. ते गेल्यावर वायर निघाली तेव्हा तुम्ही फोनवरून मला कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी उघडायला लावलीत, जिच्यात नुसत्या हुकमाच्या ओळी लिहायच्या. एक ओळ लिहिली की कॅमेऱ्याचे आत्ताचे आकडे फाइलमध्ये सेव्ह होतात. दुसरी लिहिली की फाइलमधले आकडे कॅमेऱ्यात परत जातात. वन्सं, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण दोन ओळींत इतकं काम करणारं लेखन पाहिलं नव्हतं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काम बिघडलं तर एक वाक्य बोलायचं, नीट झालं तर गप्प बसायचं. (तुमच्या माहेरचा स्वभाव. लग्नानंतर मला तो कळायला बराच वेळ लागला होता.)

वरचा बाण दाबला की मागे लिहिलेल्या ओळी परत येतात, हेही तुम्हीच शिकवलंत. परवा पुन्हा वायर निघाली. मी ऐटीत बाण दाबला, तो एकदा जास्त दाबला गेला, आणि आकडे परत नेणाऱ्या ओळीच्या जागी सेव्हची ओळ आली. मी चष्मा न लावता एंटर दाबलं. खिडकी गप्प. मी खूश. विसरलेल्या कॅमेऱ्याचे निळे आकडे तुमच्या भावाने लावलेल्या आकड्यांवर जाऊन बसले होते, हे मला अक्काने "तू आजारी आहेस का गं?" विचारलं तेव्हा कळलं.

मग चष्मा लावून ती फाइल उघडली. आत साधी अक्षरं: नाव, पुढे आकडा. म्हटलं, त्यांना जमलं ते मला का जमू नये. आकडा लिहायचा, कॅमेऱ्याला वाचायला लावायचा, अक्काकडे बघायचं. एकदा मी अशी पिवळी झाले की अक्का हसता हसता खुर्चीवरून सरकली. पण शेवटी जमलं. आणि तेव्हाच झूमचा आकडा सापडला. तो वाढवल्यावर माझं तोंड तिच्या पडद्याएवढं झालं. अक्का म्हणाली, "इतके दिवस निम्मं अंदाजाने समजून घेत होते मी. आधी का नाही केलंस?" आम्ही एक अख्खं प्रकरण न अडखळता वाचलं.

पुस्तक मिटल्यावर ती म्हणाली, "भावजींची खुर्ची कुठे गेली?"

खुर्ची जागेवरच होती. ते माझ्या मागे खिडकीशी बसून ऐकायचे, म्हणून त्यांनी चित्र लांबचं ठेवलं होतं, खुर्चीही दिसेल असं. ते गेल्यावरही ती रोज त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मी समजत होते, ती खुर्ची मी एकटीच बघते.

मग तुमच्या शिकवणीची खरी किंमत कळली. फाइल एकच असावी असा कुठे नियम आहे? मी दोन केल्या. वाचताना जवळची. बोलायला बसलो की लांबची, खुर्चीसकट. एका ओळीत जवळ, एका ओळीत लांब. हे करणारं यंत्र ज्याने घडवलं आणि ते फोनवरून माझ्यासारखीला ज्यांनी शिकवलं, त्या दोघांनाही माझा नमस्कार. काळजी नसावी. सगळं सुरळीत आहे.

तुमची
वहिनी

ता. क. सगळं सुरळीत आहे, फक्त लांबच्या फाइलमध्ये खुर्ची खिडकीच्या उजेडात पांढरी होऊन विरून जाते. त्यांच्या आकड्यांत तिची पाठसुद्धा दिसायची. जुन्या फाइलची एक प्रत त्यांनी तुम्हाला पाठवली होती ना? ती पाठवा. नाव मात्र वेगळं द्या, नाहीतर मी त्याच्यावरही काहीतरी सेव्ह करेन.

ता. क. दुसरा. त्या आकड्यांनीही भागेलसं वाटत नाही. तेव्हा खुर्चीत माणूस होता. मी एंटर दाबून धावत जाऊन खुर्चीत बसून पाहिलं. बसले की पडदा दिसत नाही, उठले की खुर्ची रिकामी. अक्काने हे सगळं पाहिलं आणि ती अजून हसते आहे.

ता. क. तिसरा. फाइल पाठवू नका, घेऊन या. चार दिवस राहा. एकीने टाइप करायचं आणि एकीने खुर्चीत बसायचं, त्याशिवाय हे व्हायचं नाही. जिन्यात आता दोन्ही बाजूंना कठडा बसवून घेतलाय.