दर दोन हातांवर एक भोक

प्रिय ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. भट्टीपाशी मनगट जरा पोळलंय, पण आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

ज्या फोरमनने "नखं लावून फॉइलला भोकं पाडते" म्हणत तुला कारखान्यातून सगळ्यांदेखत हाकललं, त्याच्याच हाताखाली मी मुद्दाम लागले. आपलं नातं त्याला ठाऊक नव्हतं.

सहा महिने तोंड मिटून काम शिकले. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रोलरांमधून दाबून दाबून पातळ करतात. शेवटच्या फेरीत एकटा पत्रा फाटतो, म्हणून दोन एकावर एक घालतात. रोलरला लागलेली बाजू चकाकते, आतली मंद राहते.

परवा फॉइल दिव्यासमोर धरली, तर बरोबर दर दोन हातांवर एक भोक! नखं काय मोजून लागतात? मशीन बंद असताना रोलरला दोरा गुंडाळला. घेरही दोनच हात! म्हणजे दर फेऱ्याला एक भोक, दोष रोलरवरच होता. रोलर घासणारा म्हणाला, "मी फोरमनला तेव्हाच सांगितलं होतं. काम थांबेल म्हणून त्याने दाबलं."

दोरा, फॉइल आणि घासणारा, असे तिन्ही पुरावे मालकांपुढे उभे केले.

फोरमन म्हणाला, "चूक माणसाकडूनच होते."

"माहीत असताना केली तर तिला चूक म्हणत नाहीत," मी म्हटलं.

तुला हाकललं त्याच जागी, सगळ्यांदेखत, तुझं नाव घेऊन मालकांनी त्याला माफी मागायला लावली. मग त्याला हाकललं.

सोबत तीच फॉइल धाडते आहे. डब्याला गुंडाळू नकोस, खिडकीला लाव. भोकातून ऊन आलं की समज, त्याचं तोंड काळं झालं.

तुझीच,
धाकटी