'संगीत तुकडी ड' कुणाच्या हवाली

मी, पुष्पाबाई राजानंद बोर्डे, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर दबाव आणणारा माणूस तीर्थपुरीत अजून तरी कुणी पाहिलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना ते "आवाज अजून खणखणीत आहे" असंही म्हणाले होते. दाखल्यात ते लिहायचं राहिलं, म्हणून इथे नोंदवते.

१. माझ्या नावावरचं राहतं घर माझा मुलगा भारत याला मिळावं. तो पुण्यात नोकरीला आहे, गुणी आहे, मला न चुकता फोन करतो. घराबाबत त्याच्यावर कोणतीही अट नाही. अटी पुढे आहेत, त्या गाण्यांच्या.

२. माझे वडील पुंजाराम यांची बाजाची पेटी प्रीतीला द्यावी. प्रीती माझी विद्यार्थिनी. आता शाळेत माझ्याच जागेवर शिकवते आणि आमच्या नाटकात मॅडमचं काम करते. या पेटीवर वडिलांनी गावोगाव भीमजलसे केले. तिचा खालचा एक सूर दाबला की अडकतो, बोटाने उचलावा लागतो. प्रीतीला ते बरोबर जमतं.

३. आता मुख्य गोष्ट. 'तुकडी ड' हा सिनेमा पाठ नाही असं घर आमच्या जिल्ह्यात नसेल. तो माझ्या वर्गावरून निघाला. एकदा तपासणीला साहेब आले आणि निम्मा वर्ग आठवडी बाजारात पळालेला! मागच्या बाकावरच्या कचरूने एकट्याने सगळ्यांची हजेरी दिली, पोरींचीसुद्धा, ज्याचा त्याचा आवाज काढून. साहेब खाली मान घालून "बराबर, बराबर" म्हणत राहिले. सिनेमात या प्रसंगाला लोक खुर्च्या बडवायचे.

सिनेमा तयार होत असताना त्या प्रसंगावर मी गाणं रचून, चाल लावून दिग्दर्शकांकडे नेलं होतं. दिग्दर्शक जालन्याचे दीनानाथराव देऊळगावकर. ते म्हणाले, "मॅडम, ही बोली ऐकायला गोड आहे, पण हिला चाल बसत नाही." मी पेटी उचलली आणि निघाले. समोर आलेला चहासुद्धा घेतला नाही. सिनेमा गाण्यांवाचून धो धो चालला. मीही पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू? पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांची रीतसर परवानगी घेऊन मी त्याच सिनेमाचं संगीत नाटक केलं. गाणी माझी, चाली माझ्या, बोली आमची. हजेरीच्या गाण्यात वर्गातली खरी नावं तशीच ठेवली. पहिला प्रयोग शाळेच्या मैदानावर झाला. प्रीतीने वडिलांची पेटी वाजवत सुरात "कचरूऽ" म्हटलं, आणि स्टेजवरच्या पोराच्या आधी खाली बसलेला खरा कचरू, आता गवंडीकाम करणारा, मिशा पिकलेला, ताडकन उठून ओरडला, "हजर, मॅडम!" सवयच ती! गाणं थांबलं, मैदान हसून लोळलं. प्रीतीने पुढचं नाव घेतलं, तर तोही प्रेक्षकांतून उठला. मग एकेक उठायला लागले. जे आले नव्हते त्यांची हजेरी शेजारचा देत होता.

मग मीनाचं नाव आलं. मीना पहिल्या बाळंतपणात गेली. प्रीतीने पेटीचा अडकलेला सूर न उचलता तसाच धरून ठेवला. तेवढ्यात कचरूने मीनाचा बारीक आवाज काढला, "हजर, मॅडम."

मी पडद्यामागे उभी होते. मला रडू आलं आणि अभिमानाने ऊर भरून आला. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार घेतानाही मला असं झालं नव्हतं. तेव्हापासून मंठ्याला, अंकुशनगरला, जिथे प्रयोग होतो तिथे लोक त्या नावांना उत्तर देतात. वर्गातलं कुणी नसलं तरी देतात.

आता मुंबईची एक कंपनी हे नाटक मोठ्या थिएटरात करायचं म्हणते. भारत सांगायला आला होता.

"आई, देऊन टाक. भाषा थोडी साफ करतील, नावं जरा आजकालची घेतील, एवढंच."

"साफ? माझी भाषा मळकी हाय का रे? अन् मीनाचं नाव काढून कुणाचं घालून राह्यले ते?"

भारतलाही मीना आठवते.

म्हणून लिहिते: 'संगीत तुकडी ड'ची गाणी, चाली व माझं सर्व लेखन प्रीती आणि तिची नाटक मंडळी यांच्या मालकीचं राहील. कुणीही प्रयोग करावा, मुंबईने खुशाल करावा. पण बोली बदलणार न्हाई आणि हजेरीतलं एकही नाव गळणार न्हाई. वकील म्हणाले, मृत्युपत्रात "नाही" लिहा. बाकीकडे लिहिलं, इथे मी न्हाई लिहिणार.

हे पाळलं जातं की नाही ते पाहण्याची जबाबदारी मी भारतवरच टाकते. बाळा, रागावू नकोस. तू भांडायला लागलास की माझ्यापेक्षा वरचढ आहेस, मला माहीत आहे.

४. माझी बचत दरवर्षीच्या प्रयोगाचा मांडव, दिवे आणि पोरांच्या खाण्याच्या खर्चासाठी आहे. हारतुऱ्यांवर त्यातलं काही घालवू नये.

५. दीनानाथरावांना मी काहीही ठेवत नाही. उलट त्यांच्याकडून एक घेणं आहे. साक्षीदार म्हणून सही करताना त्यांनी त्या जुन्या वाक्याचा निकाल स्वतःच्या हाताने लिहावा. यावेळी चहा मी पाजीन.

६. माझ्या पुण्यानुमोदनाला त्रिसरण-पंचशील झालं की हजेरीचं गाणं म्हणावं. जन्मभर मी सगळ्यांची हजेरी घेतली, माझी कुणी घेतली नाही. शेवटी माझं नाव घ्यावं. उत्तर कुणी द्यायचं ते मंडळींनी ठरवावं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, दोन ठिकाणी गाऊनही पाहिला. तो खरा आहे.

ठिकाण: तीर्थपुरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: पुष्पाबाई राजानंद बोर्डे

साक्षीदार:

१. दीनानाथ देऊळगावकर, जालना. मॅडम, चाल बसली. पहिल्याच दिवशी बसली होती.

२. कचरू म्हस्के, तीर्थपुरी. ठरवायचं काय त्यात? मॅडमच्या नावाला मी बोलतो. त्यांचा आवाज मला शाळेपासून काढता येतो.