मोठी अक्षरं

पुणे, ३ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं औषधांच्या पुढे जात नाही, आणि अवघड ते कागदावर लिहायचं ही सवय तुम्हीच लावलीत. म्हणून चौथ्यांदा लिहिते. पुण्याला राहायला या. नव्या घरात तुमच्यासाठी ठेवलेली खोली अजून रिकामी आहे. मेपासूनच्या तीन पत्रांना तुम्ही हो किंवा नाही, काहीच म्हणाला नाहीत. नकार असेल तर तोही सुश्रुतकडून लिहून पाठवा.

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पाठवलेला मॉनिटर खोक्यातच आहे म्हणे. आमच्या आतेभावाला कामाला लावा. आठ दिवसांसाठी आलाय, पाच महिने जेवतोय.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
नूपुर

बालीगंज, कोलकाता, १९ सप्टेंबर

प्रिय नूपुरताईस,
सा. न. वि. वि.

मामांचा संगणक बारा वर्षांचा, तुझा मॉनिटर त्याला पेलेना. नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. ते आणायला एस्प्लनेडला गेलो, तर ट्राम उभी दिसली म्हणून उगाच बसलो. मग मैदानात जाऊन तासभर लोकांचं क्रिकेट पाहिलं. एक पंच छत्री घेऊन उभा होता, ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कार्ड आणलं, ते संगणकाच्या पेटीत मावेना. पेटी अरुंद, मी मोजलीच नव्हती. मामांनी विचारलं, शाळेत पट्टी कशाला वापरायचास, पाठ खाजवायला? बदलून बुटकं आणलं.

बसवलं तर पडदा काळा. तीन दिवस मी तेच स्क्रू काढतोय, लावतोय. खरं सांगू, त्या तीन दिवसांत मला थोडं बरंही वाटलं.

काल मामा स्वतःच पेटीमागे बसले, बोटांनी चाचपत राहिले. म्हणाले, गाढवा, वायर जुन्या धुळकट भोकात आहे, नव्या कार्डाच्या भोकाचं तर टोपणही निघालेलं नाही. वायर बदलली आणि अंगठ्याएवढी अक्षरं उमटली. मामांनी वर्तमानपत्राचा मथळा वाचला, मग हवामान, मग निधनवार्ता. मोठ्याने, सगळ्या.

आता बरं का वाटलं ते. तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवतो. मे महिन्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर सुधारणार नाही असं ऐकून आले होते, तेव्हा तुझं बोलावणं वाचवेना. तेवढं गाळलं. पुढच्या वेळी गाळणं सोपं गेलं. फक्त त्यांच्या काळजीपोटी केलं असं म्हणणार नाही. मामा पुण्याला गेले तर मला पुन्हा कुठेतरी निघावं लागलं असतं, आणि मला इथे बरं वाटायला लागलंय. आता पत्रांचे फोटो पडद्यावर लावून दे म्हणतायत. हे पत्र टपालपेटीत टाकून येतो आणि चारही लावून देतो.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण लिहिणं बंद करू नकोस.
तुझा,
सुश्रुत

बालीगंज, २५ सप्टेंबर

चि. नूपुर हिस,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः टाइप केलं आहे. अक्षर मोठं, त्यामुळे पाकीट जाड झालं.

चारही पत्रं वाचली. पहिलं दोनदा. इतके महिने मी धरून बसलो होतो की पोरीने मोठं घर घेतलं आणि एकदाही या म्हणाली नाही. म्हणून फोनवर औषधांचंच बोलायचो. बोलावल्याशिवाय राहायला जायचं नाही, हा माझा हट्ट मुलीच्या घरालाही लावला. तुला नकाराची वाट पाहायला लागली, त्याचं वाईट वाटतं.

सुश्रुतशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पिशवी भरली. कुठे निघालास विचारलं तर त्यालाच माहीत नव्हतं. म्हटलं, बस. खरं तर तो मॉनिटर त्याला खोक्यातच ठेवता आला असता. मी विचारलंही नसतं.

दिवाळीला येतो आणि दोन-तीन महिने राहतो. पुढचं तिथे समोरासमोर बोलू. घर तोवर सुश्रुतकडे सोपवलं आहे. किल्ली हातात घेताना चेहरा पडला त्याचा. परत कधी येणार ते तरी सांगा म्हणाला. मी म्हटलं, पत्र लिहीन, सगळं वाच.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे, फक्त सांगायला उशीर झाला.
तुझे,
बाबा