चित्रं जमवणाऱ्या माणसाचं चित्र

अप्पा, काल न्यूयॉर्कच्या त्या म्युझियममध्ये पुन्हा गेले होते. तुम्ही ज्याच्यासमोर थांबलात ते चित्र अजून तिथंच आहे. त्या दिवशी तुमचं बोट धरून उभी असलेली माझी मुलगी आता नोकरी करते.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे न्यू जर्सीला आलात, तेव्हा आईला जाऊन थोडेच महिने झाले होते. तुम्ही तिचा विषयच काढत नव्हता. चहा झाला की खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत राहायचात. तुमच्या ग्रीन कार्डासाठी मी वकिलाशी बोलले होते, दादानं पुण्याच्या घराला गिऱ्हाईक पाहिलं होतं. तुम्ही कशालाच नाही म्हणत नव्हता आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

रविवारी तुम्हाला बाहेर काढायचं म्हणून ट्रेननं म्युझियमला नेलं. मोठमोठी चित्रं तुम्ही मान डोलावत ओलांडलीत आणि एका लहानशा चित्रापाशी थबकलात. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकारानं काढलेला, चित्रं जमवणारा माणूस. डोक्यावर हॅट तशीच ठेवून तो वाकून बसलाय, समोर चित्रांचा ढीग, एक हातात, आणि मागच्या भिंतीवर खोचलेले रंगीबेरंगी तुकडे. मला तुमचं टेबल आठवलं. कापड बाजारातल्या नोकरीत तुम्ही कापडाच्या ताग्यांवर चिकटून येणारी छापील चित्रं जमवलीत: लक्ष्मी, वाघ, आगबोटी, झुल्यावरच्या राण्या. आई म्हणायची, लोक सोनं साठवतात, आमच्याकडे कागद.

मुलीनं इंग्रजीत विचारलं, हा रागावलाय का? तुम्हाला ते कळलं.

"रागावला नाही गं," तुम्ही म्हणालात. "आतून कुणीतरी जेवायला हाक मारतंय त्याला. आता उठावं लागणार."

आणि तुम्ही हसलात. मग बाकावर बसून आईबद्दल बोलायला लागलात, मी कधीच न ऐकलेलं. मी शाळेच्या सहलीला गेले असताना वरच्या मजल्यावरची टाकी फुटली आणि तुमच्या टेबलावर पाणी आलं. तुम्ही कामावर होतात. आईनं एकेक चित्र सोडवून आपल्या लग्नातल्या शालूवर पसरलं, पंखा लावला आणि राखण करत बसली. तुम्ही आलात तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता. "वाघाचा एक कान गेला," एवढंच ती म्हणाली. शालूला रंग लागला होता, त्याबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

बोलता बोलता तुम्ही थांबलात. "घर विकू नका," म्हणालात. "मला परत जायचंय."

परतीच्या ट्रेनमध्ये मी वाद घातला. तुमची शुगर, इन्सुलिन, जिना, रात्री काही झालं तर कोण? तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि स्टेशन आल्यावर म्हणालात, विमानाचं तिकीट बघ. दिवाळीच्या आधी तुम्ही पुण्याला परत गेलात. फोनवर तुमचा आवाज मोकळा लागायचा. शेजारच्या काकू सांगायच्या, अप्पा हल्ली भिंतीवर काहीबाही चिकटवत असतात.

दीड-दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचा फोन आला, झोपेतच गेलात. मी पोचले आणि आधी स्वयंपाकघरात शिरले. आईनं जिथं एक खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता, त्या भिंती ओट्यापासून छतापर्यंत चित्रांनी भरल्या होत्या. लक्ष्म्या, आगबोटी, राण्या. ती भाजी चिरायला बसायची तिथून समोर, बरोबर तिच्या नजरेच्या उंचीवर, एका कानाचा वाघ. दादानं चहा टाकला, आणि आम्ही तिथंच जमिनीवर बसून प्यायलो.

काल म्युझियममधून आल्यापासून हे लिहितेय. लिहून झालं की कपाटात ठेवीन, आणखी कुठे ठेवणार? त्या दिवशी ट्रेनमध्ये मी तुमच्या शुगरचं, जिन्याचं बोलत होते, ते सगळं खरंच होतं. पण अप्पा, ऑफिसातून घरी आल्यावर कुणीतरी मराठीत "आलीस का?" म्हणावं, एवढ्यासाठीच मला तुम्ही हवे होतात.