पिकू दे, मग काढू

१ डिसेंबर, जळगाव
रावेर सोडून मुलाकडे, समाधानच्या नव्या फ्लॅटवर राहायला आलो. सूनबाई शिल्पाने भरीत आणि कळण्याची भाकरी करून जंगी स्वागत केलं. परवा माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. डॉक्टरांना विचारलं, पिकला का नीट? ते हसले. पिकायची वाट हल्ली कोणी बघत नाही म्हणाले. जन्मभर केळीचे घड कच्चेच कापले, पण डोळ्याच्या बाबतीत अक्कल चालली नाही. मंदाला, माझ्या बायकोला, मी दोन वर्षं सांगत राहिलो: पिकू दे, मग काढू. तिला विहिरीचा काठ दिसला नाही. लिहितानाही लाज वाटते.

४ डिसेंबर
पट्टी निघाली. वा! भिंत पांढरीशुभ्र. डाव्या डोळ्याने तीच भिंत चहा सांडल्यासारखी पिवळट. सोबत ऑपरेशन झालेले धुळ्याकडचे झुलाल आबा तर सगळं दिसतंय म्हणून नाचायचेच बाकी होते, "माले बठ्ठं दिसस!" मला उजव्या कडेला एक काळी कोर दिसते, नखाएवढी. नव्या भिंगाने काहींना दिसते, जाईल, असं डॉक्टर म्हणाले. थेंब दिवसातून सहा वेळा. शिल्पा घालते.

९ डिसेंबर
कोर गेली नाही, रुंदावली. तिच्यात काहीतरी हिरवं आहे. उजवा डोळा झाकला की नाहीसं होतं.

१३ डिसेंबर
हिरवं लुगडं आहे. ओलं. मंदाला त्याच लुगड्यात वर काढलं होतं. समाधानला म्हटलं, डावा डोळा राहू दे. तो म्हणाला, नाना, तुम्ही आईलाही असंच थांबवलं होतं. उजव्यावर रुमाल बांधून बसतो. जुना डोळा आहे तोवर सुटका आहे. तो वीस तारखेला जाणार.

२१ डिसेंबर
डावाही झाला. आता झाकून उपयोग नाही. ती कडेला उभी राहत नाही — समोर येते — डोळे मिटूनच बसतो. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

२३ डिसेंबर, दुपार
मिटलेलेच. शिल्पा लवकर आली वाटतं. बांगड्या वाजल्या. पापणी उचलून थेंब घातला. गार. फार गार — शेवाळाचा वास —

फोन वाजला, चाचपडत उचलला. शिल्पा. अजून ऑफिसात आहे. थेंब राहिले, येतेच म्हणाली —

दुसरी पापणी उचलतेय. मंदा, चुकलं माझं — बोटं आत —

कानाशी म्हणतेय, अहो, पिकले, आता —